एक कमी आहे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं नाव निमंत्रणपत्रिकेवर आहे. पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. साऱ्या गावाला त्या मोठ्या सिस्टर. मी भूलतज्ज्ञ. एकोणीस वर्षं आम्ही एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये उभे राहिलो; मी पेशंटच्या उशाशी, त्या ट्रॉलीशी. या काळात त्यांच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य तीन शब्दांचं होतं. "एक कमी आहे."

पोटाचं ऑपरेशन सुरू करण्याआधी मॉप मोजतात. मॉप म्हणजे रक्त टिपायला पोटात घालायची कापडी घडी. पाच-पाचांचे गठ्ठे सोडून मोजायचे आणि आकडा फळ्यावर लिहायचा. पोट शिवायला घेण्याआधी वापरलेले, न वापरलेले असे सगळे पुन्हा मोजायचे. रक्तानं भिजलेला मॉप आतड्यांच्या वेटोळ्यांत बसला की तो आतड्यासारखाच दिसतो आणि हातालाही तसाच लागतो. डोळ्यांवर आणि बोटांवर विसंबता येत नाही, म्हणून मोजायचं.

रात्रीचे दोन वाजलेले असत. सर्जनच्या हातात सुई तयार असे, मी भूल हलकी करत आणलेली असे, आणि सिस्टर म्हणत, "सर, एक कमी आहे." सर्जन म्हणत, "बाई, बादलीत बघा, तिथंच असेल." वॉर्डबॉय बादली ओती, मावशी टेबलाखाली वाकून बघत, आणि बहुतेक वेळा तो मॉप बादलीतच दुसऱ्या मॉपला चिकटलेला निघे. पाच-सात मिनिटं गेलेली असत. सर्जन काही बोलत नसत, पण मास्कच्या वर दिसणारे डोळे पुरेसं बोलत. सिस्टर "सापडला" एवढंच म्हणत, फळ्यावर खूण करत आणि मागे सरकत. माफी मागत नसत.

एकोणीस वर्षांत दोनदा तो मॉप पोटात होता.

त्या दोन वेळांच्या गोष्टी गावात सांगितल्या जातात, आणि सांगायलाच हव्यात. मला मात्र आज बोलायचं आहे ते बादलीत सापडलेल्या मॉपांबद्दल.

चारजण मिळून काम करतात तेव्हा त्यांतला एखादा "थांबा" म्हणतो, "हे मला बरोबर वाटत नाही" म्हणतो. त्याच्याविषयी आपण काय बोलतो ते आठवून पाहा. तो फाटे फोडतो, खुसपट काढतो, मोडता घालतो, नन्नाचा पाढा वाचतो, दुधात मिठाचा खडा टाकतो. नुसती मान डोलावणाराही आपल्याला आवडत नाही, म्हणून होयबा हा शब्दही आपणच घडवला. पण या दोघांच्या मधल्या माणसाला, कामाच्या भल्यासाठी शंका काढणाऱ्याला, रोजच्या बोलण्यातला साधा आदराचा शब्द मराठीत मला सापडलेला नाही. शब्द नाही, कारण त्या माणसाला आपण जागाच दिलेली नाही, असं मला वाटतं.

जागा का मिळत नाही? शंका बहुतेक वेळा चुकीची निघते म्हणून. मॉप बहुतेक वेळा बादलीतच असतो. खऱ्या ठरलेल्या शंकेचं कौतुक कुणीही करील. खोट्या ठरलेल्या शंकेच्या धन्याशी आपण त्या क्षणी कसे वागतो, यावर पुढची खरी शंका आपल्या कानापर्यंत येणार की नाही हे ठरतं.

२७ मार्च १९७७ ची गोष्ट. कॅनरी बेटांतल्या तेनेरिफेचा लॉस रोदेओस हा छोटा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या मोठ्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यानं बरीच विमानं इकडे वळवलेली. त्यांत दोन अजस्र बोइंग ७४७ होती, एक केएलएम या डच कंपनीचं आणि एक पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं. दुपारनंतर धुकं उतरलं. केएलएमचे कॅप्टन याकोब फान झांटेन हे साधे कॅप्टन नव्हते. कंपनीत ७४७ च्या प्रशिक्षणाचे ते प्रमुख. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा फोटो असे. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची ७४७ साठीची परीक्षा त्यांनीच काही आठवड्यांपूर्वी घेतलेली होती. आणखी उशीर झाला तर कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादा ओलांडली जाईल, ही घाई कॅप्टनच्या डोक्यात होती.

विमान धावपट्टीच्या टोकाला उभं राहिलं आणि कॅप्टननी इंजिनांना जोर दिला. सहवैमानिक म्हणाला, थांबा, आपल्याला अजून परवानगी मिळालेली नाही. त्याचं बरोबर होतं. कॅप्टनचं उत्तर अशा अर्थाचं होतं: मला माहीत आहे, विचार त्यांना.

एवढंच. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. पण कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणाचा उतारा मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा याच जागी थांबतो. त्यानंतर नियंत्रण कक्षानं उड्डाणानंतरच्या मार्गाची मंजुरी दिली. उड्डाणाची परवानगी ती नव्हती. सहवैमानिक ती मंजुरी परत वाचून दाखवत असतानाच कॅप्टननी ब्रेक सोडले. या वेळी सहवैमानिक "थांबा" म्हणाला नाही. रेडिओवर एक संदिग्ध वाक्य बोलून त्यानं आपण निघाल्याचं कळवलं. त्याच क्षणी दोन ठिकाणांहून संदेश आले, एकमेकांवर आदळले, आणि केएलएमच्या कानात शिट्टीसारखा आवाज तेवढा पोहोचला.

मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं मात्र पॅन अ‍ॅमचं पुढचं वाक्य ऐकलं होतं. त्यानं विचारलं, ते पॅन अ‍ॅम धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, झालंय की. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत धुक्यातून पॅन अ‍ॅम समोर आलं. दोन्ही विमानांतली मिळून ५८३ माणसं गेली. नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत इतकी माणसं त्याआधी कधी गेली नव्हती, नंतरही नाही.

त्या इंजिनिअरला धीर नव्हता असं मी म्हणणार नाही. त्यानं विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारायला मात्र असामान्य धीर लागला असता. ज्या कामात एक साधी शंका दोनदा विचारायला असामान्य धीर लागतो, ते काम तिथंच बिघडलेलं असतं.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला तीस वर्षं लागली. एका खासगी रुग्णालयात मी रात्रीच्या सिझेरियनला जात असे. तिथं नव्यानं लागलेली एक तरुण नर्स होती. एकदा मी भूल देण्याच्या तयारीत असताना तिनं विचारलं, "डॉक्टर, सक्शन चालू करून पाहिलंय ना?" मी पाहिलं होतं. मी म्हणालो, "मला माहीत आहे." वर पाहिलंही नाही. त्या दिवशी तिची शंका खोटी होती.

चार-पाच महिन्यांनी तशाच एका केसमध्ये, बाळ बाहेर आल्यावर, आईच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरू लागला. तो सूर ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक आहे पोटात कसा खड्डा पडतो. मी नळ्या तपासल्या, छाती ऐकली, आणि मग लक्षात आलं की सिलिंडर संपला आहे. राखीव सिलिंडर उघडला. मिनिटभरात सूर वर आला. आई वाचली, तिच्या त्या बाळाचं आता लग्न झालंय. ऑपरेशन संपल्यावर मी त्या नर्सला विचारलं, "काटा तुमच्या समोर होता. दिसला नाही?" ती म्हणाली, "दिसला होता सर. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

तिनं मला माझंच वाक्य परत दिलं, आणि तेही कसलीही तक्रार न करता. सिलिंडर तपासणं हे माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं. पण माझ्या चुकीवर असलेला दुसरा पहाराही मीच काही महिन्यांपूर्वी उठवून टाकला होता.

अशी पाळी फक्त लहान गावांत येते असं नाही. इंग्लंडमध्ये मार्च २००५ मध्ये इलेन ब्रॉमिली नावाच्या स्त्रीला सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली गेली आणि तिचा श्वासमार्ग काही केल्या हाती लागेना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. अशा वेळी गळ्यातून वाट करायची असते. एका नर्सनं त्यासाठीचा ट्रॅकिओस्टॉमीचा संच आणून ठेवला आणि तसं सांगितलं. दुसरीनं अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली आणि डॉक्टरांना कळवलं. हिचं जरा जास्तच होतंय, अशा नजरेनं त्यांनी तिच्याकडे पाहिलं असं तिला वाटलं, आणि तिनं खाट रद्द केली. इलेन तेरा दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन वैमानिक होता. त्यानं कुणाला फासावर चढवा अशी मागणी केली नाही. नर्सना कळत होतं आणि त्यांचं म्हणणं खोलीत पोहोचलं नाही, हे का झालं एवढंच तो विचारत राहिला, आणि हा प्रश्न त्यानं ब्रिटनच्या डॉक्टरांपुढे वर्षानुवर्षं मांडला. आमच्या भूलतज्ज्ञांच्या परिषदांत आजही ही केस शिकवतात.

वैमानिकालाच हे सुचावं याला कारण आहे. तेनेरिफेनंतर पावणेदोन वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचं एक विमान चाकांच्या बिघाडाचा विचार करत तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून कोसळलं. दहा माणसं गेली. इंधन उतरत चाललंय हे बाकीच्या दोघांनी बोलून दाखवलं होतं, पण कॅप्टनच्या तंद्रीला धक्का बसेल इतक्या जोरानं नाही. पुढच्या वर्षी नासानं यावर एक कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडनं आपल्या वैमानिकांसाठी नवं प्रशिक्षण सुरू केलं. कनिष्ठानं शंका कशी मांडायची हे त्यात होतं, आणि कॅप्टननं ती कशी मागून घ्यायची हेही होतं. मला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. १९८९ मध्ये त्याच कंपनीच्या एका डीसी-१० चं शेपटीकडचं इंजिन फुटलं आणि विमान वळवण्याची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या, सुट्टीवरच्या एका प्रशिक्षकालाही कॉकपिटमध्ये बोलावून घेतलं. चौघांनी मिळून, केवळ इंजिनांचा जोर कमीजास्त करत, विमान आयोवातल्या सू सिटीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ माणसं जगली. हेन्स नंतर आयुष्यभर त्याचं श्रेय त्या प्रशिक्षणाला देत राहिले.

पण प्रशिक्षण असलं की झालं, असंही नाही. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवर फार उंचावरून, फार पुढे उतरलं आणि दरीत गेलं. १६६ पैकी १५८ माणसं मृत्युमुखी पडली. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी न्यायालयासमोर जे आलं ते असं: कॅप्टन प्रवासातला बराच काळ झोपलेले होते, आणि उतरताना सहवैमानिकानं तीनदा सांगितलं होतं की उतरू नका, पुन्हा वर चला. यंत्रही इशारे देत होतं. इथं शंका मांडली गेली, तीही स्पष्ट शब्दांत आणि तीनदा. तिच्या पाठीशी बळ मात्र नव्हतं. ऐकून घेण्याच्या सौजन्यावर सगळं सोपवून चालत नाही. काही ठिकाणी "थांबा" हा शब्द कुणाच्याही तोंडून आला तरी थांबणं बंधनकारकच असायला हवं.

मोठ्या सिस्टरांकडे असं बळ होतं. मॉपचा हिशेब लागल्याशिवाय त्या शिवायचा धागा सर्जनच्या हातात देत नसत.

असंच बळ टोयोटाच्या कारखान्यात प्रत्येक कामगाराकडे होतं. तिथं गाड्या जुळवण्याच्या रांगेवर डोक्यावरून एक दोरी गेलेली असे. काही खटकलं की कुठल्याही कामगारानं ती ओढायची. ओढली की टीमचा म्होरक्या धावत येई, बहुतेक वेळा रांग थांबण्याआधीच अडचण सुटे, न सुटली तर रांग थांबे. दोरी रोज, पुन्हा पुन्हा ओढली जावी, हेच तिथं अपेक्षित असे. ती फार कमी ओढली जाऊ लागली तर वरिष्ठांना काळजी वाटे. आपल्याकडे जिथं तक्रार येत नाही तो विभाग चांगला समजला जातो. अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या संशोधिकेला नव्वदच्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास करताना उलट आढळलं होतं. चांगल्या प्रकारे चालणाऱ्या वॉर्डांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. तिथं लोक चुका बोलून दाखवत होते, हे त्याचं कारण असल्याचं पुढे तिच्या लक्षात आलं.

खोट्या ठरलेल्या शंकांचा हिशेब किती वाईट रीतीनं मांडला जातो, याचं मला माहीत असलेलं सर्वांत दुःखद उदाहरण चॅलेंजर यानाचं आहे. यानाच्या रॉकेटचे सांधे रबराच्या कड्यांनी बंद केलेले होते. थंडीत ती कडी ताठरतात. ती रॉकेटं बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर रॉजर बॉइसजोली यांनी १९८५ च्या जुलैमध्येच लेखी इशारा दिला होता. आधीच्या उड्डाणांत कडी जळाल्याच्या खुणा मिळाल्या होत्या, पण यानं सुखरूप परत आली होती. मॉप बादलीत सापडत होता. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री फोनवर बैठक झाली. इंजिनिअर म्हणाले, १२ अंशांच्या खाली उड्डाण नको. नासाकडून नाराजी आली, कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आपापसांत बोलायला वेळ मागून घेतला, आणि त्या वेळात इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगण्यात आलं की आता इंजिनिअरची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घाल. होकार गेला. फ्लोरिडातले कंपनीचे प्रतिनिधी अ‍ॅलन मॅकडॉनल्ड यांनी त्यावर सही करायला नकार दिला, ती दुसऱ्याकडून घेतली गेली. सकाळी उड्डाणाच्या वेळी तापमान सुमारे २ अंश होतं. ७३ सेकंदांनी यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले.

त्या बैठकीत प्रश्न उलटा फिरला होता. उडवणं सुरक्षित आहे हे दाखवा, असं विचारायची रीत होती. त्या रात्री शंका काढणाऱ्यांनाच सांगितलं गेलं की धोका आहे हे सिद्ध करा. शंकेजवळ पुरावा असता तर ती शंका राहिलीच नसती. तिच्याकडे पुरावा मागणं म्हणजे तिला गप्प बसवणं.

तुमच्यातले काही म्हणतील, डॉक्टर, आमच्या ऑफिसात एकजण आहे, तो रोज प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतो, त्याचं काय करायचं? प्रश्न रास्त आहे. मी दोन गोष्टी बघतो. तो जे बोलतो ते कामाविषयी असतं की माणसाविषयी, आणि तो टेबलाशी बोलतो की नंतर चहाच्या टपरीवर. टपरीवर बोलणाऱ्याविषयी मी घाईनं मत बनवत नाही, कारण टेबलावर बोलून एकदा हात पोळल्यावरच बरेचजण टपरीवर जातात. चार्लन नेमेथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर पुष्कळ काम केलंय. त्यांना आढळलं की मनापासून वेगळं मत मांडणारा माणूस चुकत असला तरी त्याच्यामुळे बाकीचे अधिक मोकळा आणि अधिक दिशांनी विचार करू लागतात. मुद्दाम नेमलेला, खोटाखोटा विरोध करणारा माणूस तेवढं साधू शकत नाही. म्हणजे बैठकीत एकाला "तू आज विरोधात बोल" असं सांगून भागत नाही.

महाराष्ट्रात मतभेदाची मोठी परंपरा आहे आणि आपल्याला तिचा अभिमान आहे. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. १८८७ मध्ये ते बाहेर पडले, पुढच्या वर्षी 'सुधारक' निघाला. एका पत्राची दोन झाली आणि महाराष्ट्राचा फायदाच झाला, असं आपण शिकलो. पण तो फायदा वाचकांचा. 'केसरी'च्या कचेरीतली एक खुर्ची मात्र रिकामी झाली. आपली परंपरा बाहेर पडून वेगळं बोलण्याची आहे. त्याच टेबलाशी बसून, त्याच माणसांबरोबर उद्याही काम करायचं आहे हे ठाऊक असताना वेगळं बोलायचं, ही रीत आपल्याला अजून बसवायची आहे. ऑपरेशन टेबलावरून रागानं निघून जाऊन दुसरं टेबल मांडता येत नाही.

टेबलाशी बोलण्याची रीत बसवायला एक साधन मात्र मिळालं आहे: जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एका पानाची यादी काढली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी ती मोठ्यानं वाचायची. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचं ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांत ती लागू झाल्यावर म्हणावा असा फरक दिसला नाही, हेही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. माझा स्वतःचा अनुभव असा की यादी भरून फाइलला लावली की ती कागद होते. त्या यादीतलं एक कलम आमच्या लोकांना पोरकट वाटतं. खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. मला तेच कलम सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ज्या मुलीनं सकाळी स्वतःचं नाव त्या खोलीत एकदा उच्चारलं आहे, तिला दुपारी "सर, काटा उतरलाय" म्हणणं थोडं सोपं जातं.

सिलिंडरच्या त्या रात्रीनंतर मी मोठ्या सिस्टरांना सगळं सांगितलं. त्या मॉपचे गठ्ठे सोडत होत्या. बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तिला आता तुम्हीच विचारा. रोज विचारा." म्हणून मी विचारायला लागलो. प्रत्येक केसच्या आधी त्या मुलीला म्हणायचो, "काय राहिलंय?" ती म्हणायची, "काही नाही सर." पहिल्या आठवड्यात तेच, पहिल्या महिन्यात तेच. मला राग यायचा, मग लाज वाटायची.

पावसाळा सुरू झाल्यावर एका रात्री ती म्हणाली, "सर, ती ॲम्प्यूल परत एकदा बघता का?" मी हातातली सिरिंज खाली ठेवली, ॲम्प्यूल उचलली, दिव्याखाली धरून अक्षरं वाचली. औषध बरोबर होतं. मी ती तिच्या हातात दिली आणि तिनंही वाचली. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "बरं झालं विचारलंत." मग आम्ही भूल द्यायला घेतली.